साइड ए, गाणं पहिलं : पत्ता विचारू नका!

वरातीतला बँड पहिलं गाणं कुठलं वाजवतो, यावर पुढच्या दोन तासांचा मूड ठरतो. पहिल्याच गाण्याला नवरदेवाच्या मित्रांचे पाय थिरकले तर ठीक, नाहीतर घोडासुद्धा कंटाळतो. रॉक अल्बमच्या पहिल्या गाण्याचं काम साधारण हेच. त्यातून शंभरातले नव्वद बँड एकच युक्ती करतात : ड्रमरने स्टिकवर चार मोजायचे आणि पाचव्याला सगळ्यांनी एकदम कानाखाली वाजवायची! खूप ग्रेट गाणी अशी सुरू झालीत, त्याबद्दल तक्रार नाही.

पण आज ज्या गाण्याबद्दल बोलायचंय, ते याच्या बरोब्बर उलट वागतं. यू-टूच्या ‘द जोशुआ ट्री’ या अल्बमचं पहिलं गाणं, ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’. अल्बम आला ९ मार्च १९८७ला. म्हणजे माझ्यासकट ही पानं वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या जन्माआधी. तरीही मॅरेथॉनच्या प्लेलिस्टमध्ये, जिममध्ये, कुठल्यातरी कंपनीच्या ‘अॅन्युअल डे’च्या व्हिडिओखाली हे गाणं कधीतरी तुमच्या कानावर पडलेलं असतंच.

सुरुवात कशी होते? काहीच होत नाही. लांबून कुठूनतरी चर्चमधल्या ऑर्गनसारखा एक सूर येतो. आधी तो येतोय की नाही, हेच कळत नाही. मग तो हळूहळू पसरतो. आजकाल म्युझिक अॅपवर एखादं गाणं तीस सेकंद ऐकलं की एक ‘प्ले’ मोजला जातो, म्हणून गाणी लिहिणारे पहिल्या तीस सेकंदांतच सगळा माल ओतून मोकळे होतात. इथे पहिल्या तीस सेकंदांत गिटारसुद्धा नाही! ती येते साधारण बेचाळिसाव्या सेकंदाला, तीही पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी, हळूच. सहा सुरांची एक किणकिणणारी साखळी, पुन्हा पुन्हा. सव्वा मिनिटाच्या आत बेस आणि ड्रम्स जॉइन होतात आणि गाडी अचानक टॉप गिअरमध्ये. गायक बोनो तोंड उघडतो तोपर्यंत जवळपास पावणेदोन मिनिटं झालेली असतात. पाच मिनिटं सदतीस-अडतीस सेकंदांच्या गाण्यात! आज एखाद्या नव्या बँडने असा डेमो पाठवला तर कुठलीही म्युझिक कंपनी पहिलं मिनिट कापून टाकायला सांगेल.

आणि तरीही मी ऐकलेल्या सगळ्या ओपनर्समध्ये इतकी एनर्जी दुसऱ्या कुणात नाही. एनर्जी म्हणजे आवाज वाढवणं नव्हे. दाबून धरलेली स्प्रिंग सुटणं. हे ज्याला आधी सुचलं, तो माणूस त्या वेळी घरात एकटाच होता.

तो म्हणजे यू-टूचा गिटारिस्ट, द एज. खरं नाव डेव्हिड इव्हान्स, पण या नावाने त्याला कुणीच हाक मारत नाही. साल १९८६. ‘द जोशुआ ट्री’चं रेकॉर्डिंग चालू होतं, मध्ये ब्रेक झाला होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे जमणार होते. अल्बम संपत आलेला, गाणी चांगली होती, पण एजला एक गोष्ट खात होती : स्टेजवर आग लावेल असं गाणं त्यात कमी पडतंय. मग त्याने एक साधा प्रयोग केला. आपण बँडमध्ये नाही, तिकीट काढून आलेले फॅन आहोत. लाइट बंद झालेत. आता आपल्याला काय ऐकायला आवडेल? डब्लिनच्या मंकस्टाउन भागात त्याने नुकतंच घर घेतलं होतं, मेलबीच हाउस. त्याच्या वरच्या खोलीत चार ट्रॅकच्या टेप मशीनवर त्याने कीबोर्ड, बेस, गिटार आणि ड्रम मशीन असं सगळं स्वतःच वाजवून रेकॉर्ड केलं. रफ मिक्स ऐकला आणि त्याला वाटलं, आयुष्यातलं सगळ्यात भारी गिटार आपण आत्ता वाजवलंय. ऐकवायला घरात कुणीच नाही! मग पठ्ठ्या एकटाच खोलीभर नाचला, हवेत मुठी मारत. हे त्यानेच नंतर सांगितलंय.

या गिटारमध्ये नेमकं काय आहे, हे थोडं समजून घ्यायला हवं. टेक्निकल आहे, पण दोन मिनिटं सहन करा. एजच्या गिटारला ‘डिले’ नावाचं यंत्र जोडलेलं असतं. तुम्ही वाजवलेला सूर ते थोड्या वेळाने परत ऐकवतं; घाटात हाक मारली की येते तसा प्रतिध्वनी, फक्त वेळ आपण ठरवायची. एजने ती वेळ ठेवली पाऊण मात्रा. गाण्याची लय मिनिटाला साधारण १२६ ठोके, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी आणि तिची पाऊण म्हणजे सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. पूर्ण मात्रेने सूर परतला असता तर तो पुढच्या सुराच्या डोक्यावर पडला असता. पाऊण मात्रेमुळे तो बरोबर दोन सुरांच्या मधल्या फटीत बसतो. हात एक, सूर दोन. ऐकणाऱ्याला वाटतं की कुणीतरी अमानवी वेगाने वाजवतंय. प्रत्यक्षात निम्मं काम मशीन करतंय. गिटार क्लासमधली पोरं शॉर्टकट म्हणून हे शिकायला जातात आणि तोंडावर आपटतात, कारण मशीन तुमच्यासाठी थांबत नाही. तुमचा हात एक केसभर मागेपुढे झाला की सगळी साखळी विस्कटते.

त्यावर आणखी एक गंमत. गाण्याची सुरुवात तीन मात्रांच्या झुल्यावर आहे आणि मग मुख्य गाणं चार मात्रांवर धावतं; शेवटाला पुन्हा तोच झुला. आपल्या भाषेत दादऱ्यातून केरव्यात आणि पुन्हा दादऱ्यात म्हणा हवं तर. घरात एकट्याने मशीनवर हे जमवणं वेगळं आणि चार माणसांनी एका खोलीत वाजवणं वेगळं. दुसऱ्या दिवशी एजने टेप ऐकवली, सगळ्यांना आवडली आणि तिथून सगळ्यांचे हाल सुरू झाले.

बेस वाजवणाऱ्या अॅडम क्लेटनला ते त्या वेळी परक्या भाषेसारखं वाटत होतं. कॉर्ड्स सारख्या बदलतात, मात्रा बदलतात, कुणाचा ना कुणाचा गोंधळ उडतोच. अल्बमचे प्रोड्युसर दोन : ब्रायन इनो आणि डॅनियल लान्वा. लान्वाने शेवटी शाळेतला असतो तसा भलामोठा फळा आणला, हातात छडी घेतली आणि जगभर गाजत असलेल्या रॉक बँडला एकेक कॉर्ड दाखवत ‘हं, आता ही... आता ही’ असं शिकवायला लागला. स्वतःच्या त्या अवताराची त्याने पुढे मनसोक्त टिंगल केली आहे. मला मात्र ते दृश्य भयंकर आवडतं. लेदर जॅकेट घातलेले चार जण आणि समोर गणिताचे सर.

मग एक टेक बऱ्यापैकी जमला. बऱ्यापैकीच. त्यात दोष होते, म्हणून ते दुरुस्त करायला घेतले. आधी एक वाद्य पुन्हा वाजवलं, मग दुसरं, मग ते दोन जुळेनात म्हणून तिसरं. असं करत करत आठवडे गेले. आजीच्या गोधडीला ठिगळावर ठिगळ लावत जावं आणि एक दिवस कळावं की आजीचं मूळ लुगडं आता गोधडीत कुठेच नाही, तसं झालं. पहिल्या टेकमधलं एकही वाद्य शिल्लक राहिलं नव्हतं, पण त्या टेकचा दोष मात्र तसाच! इनोच्या अंदाजाने अल्बमच्या एकूण वेळातला निम्मा वेळ या एका गाण्याने खाल्ला. अकरा गाण्यांचा अल्बम आणि निम्मा वेळ एकाला.

ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाला हा सीन ओळखीचा आहे. ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘फायनल फायनल’ आणि ‘फायनल बॉस अप्रूव्ह्ड’ अशा नावांच्या फायली आठवा. प्रेझेंटेशन मुळातच फसलंय हे सगळ्यांना माहीत असतं, पण इतके तास घातलेत म्हटल्यावर सोडवत नाही.

इनोने यावर जो उपाय काढला तो ऑफिसात करू नका. त्याने ठरवलं, अपघात घडवायचा. टेप चुकून पुसली गेली, असं म्हणायचं. त्याचं म्हणणं गाणं सोडून द्या असं नव्हतंच. टेपच नसली की नव्याने, ताजं वाजवावं लागेल आणि ते लवकर होईल, एवढंच. त्याने टेप मशीनवर लावली, पुसायच्या तयारीत ठेवली. तेवढ्यात साउंड इंजिनिअर पॅट मॅकार्थी चहा घेऊन कंट्रोल रूममध्ये शिरला. समोर काय चाललंय ते पाहिल्यावर चहा सोडला आणि इनोला धरून थांबवलं. हा किस्सा सांगितलाय फ्लडने, तोही त्याच रेकॉर्डिंगवरचा इंजिनिअर.

आता यात बरोबर कोण? सगळे इनोला हसतात. मला वाटतं, त्याचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. ड्रमर लॅरी मलनने स्वतःच नंतर कबूल केलंय की स्टेजवर हे गाणं जे होतं, त्याच्या निम्मंसुद्धा रेकॉर्डवर नाही. वाजवत वाजवतच ते मोठं झालं. म्हणजे ताजं वाजवा म्हणणारा इनो चुकला कुठे? पण त्या सहा सुरांचं रेकॉर्डिंग त्या दिवशी गेलं असतं आणि दमलेल्या बँडने ‘जाऊ दे, राहू दे हे गाणं’ असं म्हटलं असतं तर? निदान बरोबर असलं म्हणून ऑपरेशन करावंच असं नाही. शिवाय टीममध्ये कुणीतरी एक जण असा लागतो की ज्याला समोरचा माणूस किती मोठा आहे याने फरक पडत नाही. हातातला चहा सोडायची हिंमत लागते बॉस.

शेवटी वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडून गाणं उभं राहिलं आणि स्टीव्ह लिलीव्हाइटने त्याचं मिक्सिंग केलं. गाण्यांचा क्रम लावायची वेळ आली तेव्हा सगळे इतके थकले होते की ते काम लिलीव्हाइटच्या बायकोने, गायिका कर्स्टी मॅकॉलने, स्वतःहून घेतलं. बँडने तिला दोनच अटी घातल्या. ‘स्ट्रीट्स’ पहिलं हवं आणि ‘मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड’ शेवटचं. बाकी तुझ्या मनासारखं. सगळ्यांचा जीव काढणाऱ्या गाण्यालाच दारात उभं करायचं, हे बँडचं नक्की होतं.

आता ते नाव. ‘जिथे रस्त्यांना नावं नाहीत.’ हे कुठून आलं?

बोनोने याचा संबंध बेलफास्टशी जोडला आहे. उत्तर आयर्लंडच्या या शहरात माणूस कुठल्या रस्त्यावर राहतो हे सांगितलं की त्याचा धर्म कळतो. फॉल्स रोड म्हटलं की कॅथलिक, शँकिल रोड म्हटलं की प्रोटेस्टंट. दोन्ही रस्ते एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि मध्ये १९६९पासून वाढत गेलेल्या उंच भिंती. नुसता धर्मच नाही, कमाईसुद्धा कळते. टेकडीवर जितकं वर घर, तितकं महाग. म्हणजे समोरच्याने पत्ता सांगितला की त्याच्याबद्दलची फाइल आपल्या डोक्यात तयार! १९६०च्या दशकाअखेरीपासून १९९८च्या ‘गुड फ्रायडे करारा’पर्यंत त्या भागात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. त्या काळात चुकीच्या माणसाला बरोबर पत्ता सांगणं जिवावर बेतू शकत होतं.

बोनो स्वतः डब्लिनचा, बेलफास्टचा नव्हे. पण त्याचे वडील कॅथलिक आणि आई प्रोटेस्टंट. त्या काळातल्या आयर्लंडमध्ये असं घर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आंतरजातीय लग्न झालंय त्यांना वेगळं सांगायला नको. ‘तुम्ही नक्की कुठले?’ हा प्रश्न त्या घराने लहानपणापासून ऐकला असणार.

गाण्यातला दुसरा धागा इथिओपियाचा. १३ जुलै १९८५ला ‘लाइव्ह एड’ची महाकॉन्सर्ट झाली, दुष्काळासाठी पैसे जमवले गेले. यू-टू त्यात गाजलं. त्यानंतर बोनो आणि त्याची बायको अॅली फारसा गाजावाजा न करता इथिओपियात गेले आणि काही आठवडे अजिबार इथल्या मदत छावणीत त्यांनी काम केलं. तिथे रस्त्यांना नावं कुठली? सगळं गमावलेली माणसं आणि तरी त्यांच्यात त्याला जी ताकद दिसली ती घरी परतल्यावर सुखवस्तू युरोपात दिसेना. वाळवंट नक्की कुठलं, तिकडचं की इकडचं, असा प्रश्न त्याला पडला. अल्बमभर ते वाळवंट पसरलेलं आहे, कव्हरच्या फोटोपासून.

आणि इथे माझी या गाण्याशी कुरबूर सुरू होते.

रस्त्याला नाव नसणं ही मुक्ती कुणाला वाटते? ज्याच्याकडे पक्का पत्ता आहे त्याला. छावणीत राहणाऱ्या बाईला विचारा. रस्त्याला नाव नाही म्हणजे पत्र येत नाही, रेशन कार्ड निघत नाही, अँब्युलन्सला कुठे वळायचं ते कळत नाही. लांब कशाला जा, आपल्याच शहरांतल्या वस्त्यांमध्ये बघा. घराला पुरावा मिळावा म्हणून माणसं आयुष्यभर लाइट बिलाची झेरॉक्स जपतात. त्यांच्यापुढे जाऊन ‘नाव-गाव सोडून उडून जाऊ या’ असं गायलं तर ते हसतील तरी, नाहीतर उठून चहा तरी ठेवतील. भूक, दुष्काळ आणि वाळवंटात ‘आध्यात्मिक ताकद’ शोधायची पाश्चात्त्य रॉकस्टारांची सवय जुनी आहे आणि बोनोही त्यातून सुटलेला नाही. २००६मध्ये आयर्लंडने कलाकारांच्या करमाफीवर मर्यादा आणली, तेव्हा यू-टूने आपल्या धंद्याचा एक भाग नेदरलँड्सला हलवला. म्हणजे पत्त्याचं महत्त्व त्यांनाही चांगलंच कळतं!

पण मग बेलफास्टचा धागा पुन्हा ओढला की माझी कुरबूर लंगडी पडते. कारण पत्ता हा पुरावा असतो तसा निकालही असतो.

नोकरीला लागून पहिल्यांदा फ्लॅट शोधणाऱ्या कुणालाही विचारा. ब्रोकर आधी बजेट विचारत नाही, आडनाव विचारतो. मग ‘नॉन-व्हेज खाता का?’ मग ‘मूळ गाव कुठलं?’ आणि गाव सांगितलं की ‘गावात कुठे?’ हा शेवटचा प्रश्न नकाशासाठी विचारलेला नसतो. महाराष्ट्रातल्या किती गावांत वस्तीचं नाव हाच जातीचा दाखला होता, आठवून बघा : महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली. डिसेंबर २०२०मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने अशी जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच. फक्त लोकांना ‘भीमनगर’वरूनही जे ओळखायचं ते ओळखता येतं. पाटी बदलते, पाटी वाचणारे डोळे तेच असतात.

म्हणून गावातली ती गल्ली मागे टाकून शहरात आलेला, ‘कुठला रे तू?’ या प्रश्नाला मोघम ‘सोलापूर साइडचा’ असं उत्तर द्यायला शिकलेला एखादा मुलगा हे गाणं हेडफोनवर ऐकत असेल, तर त्याच्यासाठी ते पर्यटकाचं स्वप्न उरत नाही. त्याला पत्ता हवाय, भाडेकरार हवाय, बँकेचं पासबुक हवंय. पण त्या पत्त्यावरून कुणी त्याला वाचू नये, हेही हवंय. दोन्ही एकदम. गाण्यात या पेचाचं उत्तर नाही. खरं म्हणजे गाण्यात शब्दांनी फारसं काही सांगितलेलंच नाही. बोनोनेही हे शब्द म्हणजे कच्चं स्केच असल्याचं नंतर मान्य केलंय. कागदावर वाचायला घेतलेत तर ‘एवढंच?’ असं वाटेल. जे सांगायचं ते ती दाबलेली स्प्रिंग सांगते. एका जागी अडकलेला सूर, मग किणकिण, मग चार मात्रांची धाव. बाहेर पडायची नुसती इच्छा. बेलफास्टच्या पोराने त्यात बेलफास्ट टाकायचं, तुम्ही तुमचं टाका.

इच्छा सार्वजनिक ठिकाणी मोठ्याने बोलून दाखवली की पोलीस येतात. तेही झालं. २७ मार्च १९८७ला लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमध्ये, सेव्हन्थ आणि मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या एका दारूच्या दुकानाच्या गच्चीवर चढून बँडने भरदुपारी व्हिडिओ शूट केला. १९६९मध्ये बीटल्सनी लंडनमध्ये गच्चीवर वाजवलं होतं, त्याला हा सलाम. खाली हजारेक लोक जमले, ट्रॅफिक ठप्प झालं आणि पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला. व्हिडिओत हे सगळं भलतंच थरारक दिसतं. नंतर मॅनेजर पॉल मॅकगिनेसने सांगून टाकलं की पोलिसांबरोबरचा तो ड्रामा बराच फुगवलेला होता आणि पोलिसांनी येऊन बंद पाडावं हीच यांची मनोमन इच्छा होती. वीज तोडली तर हाताशी असावा म्हणून गच्चीवर जादा जनरेटर ठेवला होता म्हणे! शिवाय व्हिडिओत ऐकू येतो तो आवाज बहुतांश स्टुडिओतलाच. तरी व्हिडिओला ग्रॅमी मिळालंच. आणि जाता जाता सांगायचं तर, नाव नसलेल्या रस्त्यांच्या गाण्याचा व्हिडिओ ज्या कोपऱ्यावर झाला, त्या दोन्ही रस्त्यांची नावं आज फॅन्सना तोंडपाठ आहेत.

त्यानंतर सहाच दिवसांनी, २ एप्रिलला, अॅरिझोनातल्या टेम्पीमध्ये टूर सुरू झाली आणि गाणं आपल्या खऱ्या घरी आलं. सिंगल म्हणून ते अमेरिकेत तेराव्या नंबरपर्यंतच गेलं. त्याच अल्बममधली आधीची दोन सिंगल्स तिथे पहिल्या नंबरवर होती. पण स्टेजवर याचा नंबर पहिलाच. ३ फेब्रुवारी २००२ला न्यू ऑर्लिन्समध्ये अमेरिकन फुटबॉलची फायनल, सुपर बोल. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. मध्यंतराच्या शोमध्ये यू-टूने हे गाणं सुरू केलं आणि मागच्या उंच पडद्यावर मेलेल्या माणसांची नावं वर वर सरकत गेली. रस्त्यांना नावं नाहीत असं गाणं चालू आणि पडद्यावर नुसती नावंच नावं. मी हा व्हिडिओ किती वेळा बघितलाय याचा हिशेब नाही.

आपल्याकडे हे गाणं प्रत्यक्ष पोचायला बत्तीस वर्षं लागली. १५ डिसेंबर २०१९, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, यू-टूची भारतातली पहिली कॉन्सर्ट आणि ‘जोशुआ ट्री’ टूरची शेवटची रात्र. त्या टूरच्या रिवाजाप्रमाणे बँड आधी छोट्या स्टेजवर जुनी गाणी वाजवायचा. मग मुख्य स्टेजमागचा सुमारे ६१ मीटर रुंद पडदा लालभडक व्हायचा, त्यावर त्या झाडाची काळी आकृती, समोर मुंगीएवढे चौघे जण आणि तो ऑर्गनचा सूर. पुढे अँटन कॉर्बिनने शूट केलेला वाळवंटातला न संपणारा रस्ता. पुण्याहून, नाशिकहून, थेट बेंगळुरूहून आलेली मंडळी एकाच लयीत उड्या मारत होती. कोण कुठल्या गल्लीतलं, काही पत्ता नाही. फक्त कुणी कुठे उभं राहायचं हे तिकिटाच्या किमतीने ठरवलेलं होतं, टेकडीवरच्या घरांसारखं.

ऐकायचंच असेल तर तीन व्हर्जन सांगते. पहिलं अर्थातच अल्बमवरचं. दुसरं, १९८८च्या ‘रॅटल अँड हम’ या फिल्ममधलं. तिथे ब्लॅक अँड व्हाइट चाललेला सिनेमा याच गाण्याला रंगीत होतो, तेवढ्यासाठी मोठ्या टीव्हीवर बघा, फोनवर नको. तिसरं २०२३च्या ‘साँग्ज ऑफ सरेंडर’मधलं, जिथे साठीतल्या मंडळींनी ते हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखं केलंय. मला ते फारसं झेपलं नाही, पण पावसाळ्यात रात्री उशिरा एकदा लावून बघा. आणि पहिलं ऐकताना ती पावणेदोन मिनिटं पुढे ढकलू नका. कुणाच्यातरी हातातला चहा त्यासाठी सांडलाय.